सापळ्यातला पत्ता

ऑफिसात त्याला समोर सगळे 'सर' म्हणतात आणि पाठीमागे नाकेदार. हे नाव मी ठेवलंय आणि त्याची मला जराही लाज नाही. समोर मी त्याला अहो-जाहो करते, कारण पगार तिथून येतो. पण इथे करणार नाही. ज्याने जे कमावलंय तेच त्याला मिळावं.

आमचं काम आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. लोकांच्या माथी नको असलेल्या मेल मारणाऱ्यांची आम्ही काळी यादी ठेवतो. मेल पोहोचवणाऱ्या कंपन्या प्रत्येक मेल आत घेण्यापूर्वी आमच्या यादीत डोकावतात. पाठवणाऱ्याचं नाव यादीत सापडलं की मेल दारातूनच मागे. म्हणजे ज्याचं नाव आमच्याकडे लागलं त्याची वाचाच बसली म्हणायची. तो लिहितोय, पाठवतोय, आणि समोरच्याला पत्ताच नाही. मग तो धावत आमच्याकडे येतो, अर्ज करतो, 'मी तसला नाही हो' म्हणून गयावया करतो. हे अर्ज पहिल्यांदा माझ्याकडे येतात आणि शेवटी नाकेदाराकडे जातात. यादीतून नाव काढायचा अधिकार एकट्या त्याचा.

ऑफिस चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. खाली दिवसभर काचा घासायचं मशीन चालतं आणि त्याची घरघर आमच्या टेबलांच्या पायांतून वर येते. एक लांब खोली, खिडकीकडे पाठ करून बसलेला नाकेदार, आणि त्याच्यासमोर मी. फोन एकच, तोही माझ्या टेबलावर. दुकानदार काचा पुसायची निळी फडकी आम्हाला फुकट देतो. नाकेदार त्यांनी फोन पुसतो. दुसऱ्याशी बोलायच्या आधी नाही, बोलून झाल्यावर. अर्जदाराचा आवाज फोनला चिकटून राहतो असं त्याला वाटत असावं.

फोन हातात दिला की तो 'हॅलो' म्हणत नाही. 'अर्ज क्रमांक?' म्हणतो. समोरचा रडत असो, ओरडत असो, धमक्या देत असो, आधी क्रमांक. क्रमांक नसेल तर फोन खाली. त्याचा स्वतःचा असा एक कायदा आहे. जो हात जोडेल त्याला थांबवायचं आणि जो वाद घालेल त्याला आणखी थांबवायचं. एकदा सुटलेला पुन्हा अडकला तर शिक्षा, म्हणजे यादीत अडकून राहायची मुदत, दुप्पट. तिसऱ्यांदा अडकला तर त्याच्या दुप्पट. हे कुठल्या शहाण्याने ठरवलं म्हणाल तर त्यानेच.

एकदा अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या एका माणसाचा फोन आला होता. बिचारा नातेवाइकांना वेळ आणि जागा मेलने कळवायचा. त्याचं नाव यादीत लागलं आणि मेल जायच्या बंद झाल्या. एका मृताचा सख्खा भाऊ सगळं उरकल्यावर पोहोचला आणि त्याने या माणसाची कॉलर धरली. तो फोनवर अक्षरशः रडत होता. नाकेदाराने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "मेलेल्या माणसाला घाई नसते. रांगेत थांबा." पलीकडच्या टेबलावर कोणीतरी फिसकन हसलं. नाकेदाराने फोन पुसून माझ्याकडे सरकवला आणि डबा उघडला.

तो लाचखाऊ असेल असं वाटत असेल तर तसंही नाही. कोणी भेटवस्तू पाठवली की तो स्वतःच्या खर्चाने परत पाठवतो आणि पाठवणाऱ्याची मुदत वाढवतो. ओळखीच्यालाही सोडत नाही. मला तर वाटतं, त्याने थोडंफार खाल्लं असतं तर बरं झालं असतं. निदान हा माणूस कुठेतरी वाकतो एवढं तरी कळलं असतं.

आता सापळ्यांबद्दल. चोर ओळखायचा कसा? तर जे पत्ते आता कोणी वापरत नाही, मालक सोडून गेला किंवा वारला, असे पत्ते आम्ही ताब्यात घेतो. वर्षभर ते बंद ठेवतो. त्या काळात तिथे आलेली प्रत्येक मेल 'असा पत्ता नाही' म्हणून परत जाते. म्हणजे सरळ माणसाला कळतं आणि तो पत्ता वहीतून खोडतो. वर्षानंतर आम्ही दार गुपचूप उघडतो. त्यानंतरही जो तिथे मेल टाकतो तो न विचारता पाठवणारा, तो चोर. आमचं कॉम्प्युटरचं मशीन त्याचं नाव आपोआप यादीत टाकतं. यालाच आम्ही सापळा म्हणतो. वर्षभर दार बंद ठेवायचा हा नियम नाकेदाराचाच, आणि नव्या माणसाला शिकवताना तो यावर तासभर बोलतो. "आधी सांगायचं, मग पकडायचं," हे त्याचं पालुपद. कोणता पत्ता सापळा आहे हे फक्त त्याला माहीत असतं. आम्हाला नुसता नंबर दिसतो. अर्जदाराला तर तोही दिसत नाही. 'तुम्ही कोणाला तरी न विचारता मेल पाठवलीत' एवढंच त्याला सांगायचं. कोणाला, ते सांगायचं नाही. सांगितलं तर सापळा फुकट जातो.

अशा माणसाला घर असतं हे पटत नाही, पण होतं. बायको होती, तिला मी वहिनी म्हणायचे. चेहऱ्यावर कधी राग दिसला नाही अशी बाई. मला क्रोशाचे नमुने मेलने पाठवायची. तिचा लॅपटॉप नाकेदारानेच लावून दिला होता, आणि त्यात त्याने एक सोय करून ठेवली होती. तिने कोणाचीही मेल उघडली की पाठवणाऱ्याला 'वाचलं' अशी पोच आपोआप जायची. सभ्य माणूस पोच देतो, हा त्याचा आणखी एक सिद्धान्त. वहिनी हसून म्हणायच्या, "बघा ना, आता वाचलंच नाही असं खोटं बोलायचीही सोय राहिली नाही."

आणि एक मुलगी. शाळा सुटली की ती आमच्याकडे यायची, माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर गृहपाठ करायची आणि माझ्या डब्यातलं अर्धं खायची. मला काकू म्हणायची. बापासारखं नाक, आईसारखे डोळे. शिकली आणि एका जाहिरात कंपनीत लागली. ती कंपनी दुकानांच्या वतीने गिऱ्हाइकांना मेल पाठवायची. सगळं रीतसर, विचारून. पण कुठेतरी चूक झाली आणि एक मेल सापळ्यात पडली.

नाकेदाराला ते आदल्या संध्याकाळीच कळलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक एकाच टेबलावर नाश्ता करत होते. तिने उत्साहाने सांगितलं की आज तिची पहिली मोठी जाहिरात जाणार आहे. त्याने ऐकलं, कप विसळला, ऑफिसला आला आणि तिच्या कंपनीचं नाव यादीत कायम केलं. मशीनने टाकलेलं नाव तपासून कायम करायचं की सोडायचं हे त्याच्या हातात असतं. त्याने कायम केलं. संध्याकाळपर्यंत कंपनीला कळलं की यादी कोणाची आणि मुलगी कोणाची. दुसऱ्या दिवशी तिला घरी बसवलं.

ती थेट ऑफिसात आली होती. लाल झालेले डोळे, हातात पर्स, चप्पल घाईत घातलेली. "बाबा, मला एक शब्द सांगितला असतात तर मी सकाळीच थांबवलं असतं."

"अर्ज क्रमांक?" तो म्हणाला.

ती मग वळली, जिना उतरली, घरी जाऊन बॅग भरली आणि गेली. कुठे गेली ते फक्त वहिनींना माहीत होतं. बाप उचलेल म्हणून ती घरी फोन करायची नाही, मायलेकी नुसत्या मेल लिहायच्या. नाकेदाराला ते ठाऊक होतं आणि त्याने बंद केलं नाही, हे मी त्याच्या खात्यावर जमा धरत होते. आता धरत नाही.

मग वहिनींना पोटाचं दुखणं लागलं आणि ते बघता बघता हाताबाहेर गेलं. मी हॉस्पिटलात भेटायला गेले तेव्हा त्या कॉटवर पार चिपाड होऊन पडल्या होत्या. त्यांनी लॅपटॉप मागितला. नाकेदार म्हणाला डॉक्टरांनी मनाई केली आहे. डॉक्टर कशाला मनाई करतील? मग त्या म्हणाल्या, "निदान तिला कळवा हो. बाकी काही मागत नाही." माझ्यासमोर तो म्हणाला, "कळवतो." वहिनींनी डोळे मिटले. चेहरा किती सैल झाला होता ते मी पाहिलंय.

अंत्यविधीला मुलगी आली नाही. मी नाकेदाराला बाजूला घेऊन विचारलं, "तिला कळवलंत ना?"

"कळवलं. यायचं नाही म्हणाली."

त्या मुलीला मी मनातल्या मनात काय काय बोलले ते सांगत नाही. आईला शेवटचं बघायला आली नाही, अशी कसली पोर! माझ्या डब्यातलं खाल्लेलं अन्न वाया गेलं असं वाटलं. आता तुम्हाला लगेच सांगून टाकते, म्हणजे माझ्यासारखा तुम्हीही तिच्यावर फुकट राग धरणार नाही. त्याने तिला कळवलंच नव्हतं. ना फोन, ना मेल, ना कोणाकरवी निरोप. ती दूर कुठेतरी बसून आईला पत्रं लिहीत होती, आणि आई नव्हती.

आणि पुढचं ऐका. वहिनी गेल्यावरही त्यांच्या पत्त्यावर जाहिराती येतच राहिल्या. 'आपल्या आरोग्याची काळजी घ्या' वगैरे. नाकेदार भडकला. त्याने वहिनींचा पत्ता सापळा करून टाकला. वर्षभर दार बंद ठेवायचं, आधी सांगायचं, मग पकडायचं, हा स्वतःचा नियम त्याने आयुष्यात एकदाच मोडला आणि तो इथे. दार बंद केलं असतं तर मुलीची पहिलीच मेल 'असा पत्ता नाही' म्हणून परत गेली असती आणि तिने चौकशी केली असती. पण मग तिची पत्रं यायची थांबली असती. त्याला ती हवी होती. येणाऱ्या प्रत्येक मेलची एक प्रत ऑफिसच्या सापळ्यात पडायची आणि एक घरी, वहिनींच्या लॅपटॉपवर जायची. तिथे वहिनींच्या खुर्चीवर बसून हा ती उघडायचा आणि वाचायचा.

सुरुवातीला ती फुकटच्या मोठ्या मेल कंपनीतून लिहायची. त्या बड्या कंपनीला यादीत टाकायची आमची टाप नाही, तेव्हा मशीन तिकडे काणाडोळा करतं. पण पुढे तिने स्वतःचा धंदा सुरू केला. एकट्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी सोबतीला बायका पाठवायचा. औषधं द्यायची, फिरायला न्यायचं, वाचून दाखवायचं. परगावी, परदेशी राहणारी मुलं तिला मेल करून आईवडिलांसाठी बाई मागायची, आणि रोज संध्याकाळी ती त्यांना मेलने कळवायची की आज बाबा जेवले, आज आई बागेत गेली. सगळा धंदा मेलवर. तिने धंद्याच्या नावाचा छान नवा पत्ता घेतला, आणि त्यावरून पहिली मेल कोणाला लिहिली असेल? आईला.

खट्कन सापळा मिटला.

तिचा पहिला अर्ज माझ्याकडे आला तेव्हा सही वाचून मी ताठ बसले. अर्ज मात्र परक्यासारखा होता. 'महोदय, आमच्या संस्थेचं नाव आपल्या यादीत आलं आहे. आम्ही संमतीशिवाय कोणालाही मेल पाठवत नाही.' यादी कोणाची हे तिला पुरतं ठाऊक होतं. बाप सूड घेतोय असंच तिने धरलं असणार. तरी एका शब्दाने ओळख दाखवली नाही. मी अर्ज नाकेदाराकडे सरकवला. त्याने सही वाचली, पुन्हा वाचली, आणि टाइप केलं, 'अर्जदाराने आपली पत्त्यांची यादी तपासावी.' खाली सही नाही, नुसतं 'प्रशासक'.

तिने तपासली. एकेका घरी फोन करून विचारलं, तुम्हाला आमच्या मेल हव्या आहेत ना? सगळे हो म्हणाले. मुदत भरली आणि नाव सुटलं. माझ्या हातूनच ते पत्र गेलं.

पुढचं मला तिने नंतर स्वतः वाचून दाखवलं. सुटल्या सुटल्या तिने आईला लिहिलं, 'आई, सुटले एकदाची. बाबांनी फार पिळलं, पण सुटले. तू पत्रं वाचतेस, मला पोच येते. मग उत्तर का देत नाहीस? माझ्यावर रागावलीस का?'

झालं. पुन्हा सापळा, पुन्हा यादी, शिक्षा दुप्पट. तिला काय चुकलं ते कळेना. तिने आईला आणखी लिहिलं. 'आई, तू एकदा बाबांशी बोल ना. तुझं ते ऐकतात. मी नाही मागत काही, फक्त माझी माणसं अडकलीत गं.' सापळ्याचं दार यादीतल्यांनाही उघडंच असतं, म्हणून आईने रदबदली करावी यासाठी लिहिलेलं प्रत्येक पत्र सापळ्यात पडत होतं आणि प्रत्येक पत्रागणिक मुदत वाढत होती. नाकेदार ती वाचत होता. ऑफिसात तिचे अर्ज वाचायचा, घरी तिची पत्रं वाचायचा. एका पानावर 'महोदय' आणि दुसऱ्यावर 'आई गं'.

त्याच सुमारास एकदा डबा खाताना तो अचानक म्हणाला, "जिन्याला कठडा नसलेल्या घरात राहू नये. पाय मुरगळतो." मी विचारलं कोणाचा मुरगळला? त्याने तोंडात घास कोंबला. अर्जात तर कुठे कठडाही नव्हता आणि पायही नव्हता. तेव्हा मला काही कळलं नाही. आता वाटतं, तेव्हाच त्याचा डबा उचलून खिडकीबाहेर फेकायला हवा होता.

तिसऱ्यांदा नाव लागलं तेव्हा तिची घरं तुटायला लागली. संध्याकाळची मेल आली नाही म्हणून मुलं घाबरायची, फोन करायची, भांडायची आणि दुसरीकडे जायची. तिने अर्जात प्रथमच आवाज चढवला. 'आपण कोणता पत्ता म्हणता ते सांगा. मी एकूण एक माणसाला विचारलं आहे. हे कसलं न्यायदान?'

वाद घातला. नाकेदाराने मान हलवली, जणू काही तो याचीच वाट बघत होता. आमच्याकडे तयार उत्तरांचा एक संच आहे. त्यातलं एक फार क्वचित लागतं. ते त्याने काढलं आणि स्वतःच्या हाताने पाठवलं. 'आपण मेल पाठवलेल्या एका पत्त्याची मालक व्यक्ती हयात नाही. हयात नसलेली व्यक्ती संमती देऊ शकत नाही.'

मी समोर बसून ते वाचलं आणि मला काही वाटलं नाही. सापळ्यात मेलेल्या माणसांचे पत्ते असायचेच.

आता तिच्या जागी स्वतःला ठेवून बघा. जिची सगळी गिऱ्हाइकं म्हातारी, तिला कोणी सांगतं की त्यातलं एक माणूस हयात नाही. तिला वाटलं आपल्या एखाद्या घरातलं कोणी गेलं आणि आपल्याला कळलंच नाही. ती फोन घेऊन बसली. "आजी बऱ्या आहेत ना?" "बाबा आहेत ना?" लोक भडकले. एकाने विचारलं, माझ्या आईच्या मरणाची वाट बघताय का? एका आजोबांनी स्वतःच फोन घेतला आणि म्हणाले, मी आहे अजून, बाई, तुमची गैरसोय होत असेल तर माफ करा. उरलीसुरली घरं अशी गेली. पण त्या सगळ्या फोनांतून एक गोष्ट नक्की झाली. सगळे जिवंत होते.

मग तिने डोकं धरून विचार केला, की यांच्याशिवाय आपण आणखी कोणाला लिहितो.

फोन आला तेव्हा नाकेदार समोरच होता, कसलीतरी यादी तपासत. पलीकडून आवाज आला, "काकू, मी बोलतेय."

"बोल," मी कोरडेपणाने म्हणाले.

"काकू, आई बरी आहे ना?"

माझं डोकंच फिरलं. "हे आता विचारतेस? वर्ष होऊन गेलं की गं! तेव्हा यायचं नाही म्हणालीस, आणि आता धंदा बसला तेव्हा आईची आठवण आली?"

खाली मशीन घरघरत होतं.

"कशाला वर्ष होऊन गेलं, काकू?"

असा आवाज खोटा काढता येत नाही. मी नाकेदाराकडे पाहिलं. त्याने मान वर केली नव्हती, पण त्याची बोटं थांबली होती. तेव्हा मला सगळं एकदम कळलं. मी तिला सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. पोटाचं दुखणं, हॉस्पिटल, आईने तुला कळवायला सांगितलं होतं, बाबा कळवतो म्हणाले होते. मी बोलत गेले कारण थांबले असते तर तिचं ऐकावं लागलं असतं.

शेवटी थांबावं लागलं. ती रडत नव्हती. ती काहीतरी हिशोब लावत असावी तशी हळूहळू म्हणाली, "पण काकू, पोच येते. मी लिहिलं की दुसऱ्या दिवशी पोच येते. वाचलं म्हणून. परवाच्या पत्राचीसुद्धा आली. मला वाटायचं, बोलत नसली तरी वाचतेय ना." मग तिने विचारलं, "मग वाचतं कोण?"

मी उठले. फोन नाकेदाराच्या टेबलावर, त्याच्या नाकासमोर ठेवला. "विचारतेय, वाचतं कोण. सांगा."

ऑफिसातले सगळे बघत होते. फोनमधून बारीक आवाज येत होता, "बाबा? बाबा, तुम्ही आहात का?" त्याने फोनकडे पाहिलं. मला वाटलं आता हा माणूस फुटणार. हनुवटी हललीही. त्याने फोन उचलला, कानाला लावला, आणि घसा खाकरला.

"अर्ज क्रमांक?"

तिने सांगितला. मला तिथवर ऐकू आला, एकेक आकडा. तोंडपाठ झाला होता तिला. आणि हा, हा माणूस, तो क्रमांक टाइप करत गेला. पडद्यावर अर्ज उघडला. त्याने तो वाचला, जणू पहिल्यांदाच बघतोय.

"त्या पत्त्याची मालक व्यक्ती हयात नाही," तो म्हणाला. "तो पत्ता काढून टाका आणि काढल्याचं लेखी कळवा. लगेच मोकळं करतो." आणि मग, मोठीच मेहेरबानी केल्यासारखं, "मुदत लागणार नाही."

त्याने फोन ठेवला. निळं फडकं घेतलं आणि पुसायला लागला. रिसीव्हर पुसला, तार पुसली, आकडे पुसले. मी त्याच्या हातातून फडकं ओढून घेतलं.

त्याच दुपारी तिचं उत्तर आलं. 'महोदय, सदर पत्ता काढून टाकला आहे. त्या पत्त्यावर आमच्याकडून यापुढे मेल येणार नाही.' खाली सही. नाकेदाराने तत्क्षणी नाव काढलं. त्याच्या कारकिर्दीत इतक्या झटपट कोणी सुटलं नव्हतं.

ती आता मला घरच्या फोनवर फोन करते. वहिनींनी शेवटी कोणती साडी नेसली होती, खोलीला खिडकी होती का, कोणाचं नाव घेतलं, हे विचारते. मला आठवतं ते सांगते. नाही आठवत तिथे नाही म्हणते. बापाबद्दल ती एक अक्षर विचारत नाही. धंद्यात काही घरं परत आली, फार नाही.

नाकेदार रोज वेळेवर येतो. आल्या आल्या, चहाच्याही आधी, एक सापळा उघडून बघतो. कोणता ते आता मला कळतं. तिथे अजूनही 'आपल्या आरोग्याची काळजी घ्या' येतं. दुसरं काही येत नाही. मग तो स्वतःच त्या पत्त्यावर एक मेल पाठवतो. विषय, 'चाचणी'. आत काही नाही. ती मेल पोहोचते, आणि तरी यादीत त्याचं नाव लागत नाही, कारण आमच्या ऑफिसाचा पत्ता त्याने मशीनला वगळायला सांगितलाय. दुसऱ्या कोणाला अशी सूट त्याने कधी दिलेली नाही.

मधूनच तो मान वर करून मला विचारतो, "बाई, मेल येतायत ना? काही बिघाड वगैरे?"

"नाही, सर," मी म्हणते. "सगळं व्यवस्थित चालू आहे."